बाजूने दिलेला रंग

जुन्या घरात आधी कोण राहून गेलं हे बघायचं असेल तर कपाट हलवावं. जड कपाटामागे कोणी रंग देत नाही. समोरून दिसेल तेवढं रंगवायचं, कडेने दोन बोटं आत ब्रश घालायचा आणि पुढे सरकायचं. मीही तेच केलं आहे, सगळेच करतात. त्यामुळे कपाट सरकवलं की मागे आधीच्या माणसांचा रंग जसाच्या तसा सापडतो.

मी जन्मभर भिंती रंगवल्या. बायको बरोबर असायची. लावायचो मी, कालवायची ती. ओला रंग खोटं बोलतो, असं ती म्हणायची. भिंतीवर बोटभर ठिपका लावून, लहान मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्यावर घालावी तशी त्याच्यावर फुंकर घालायची आणि सुकल्यावर कसा दिसेल ते आधीच सांगायची. ते कधी चुकलं नाही. मला मात्र कुठे थांबावं ते कळायचं नाही. दोन हातांत काम झालं तरी मी तिसरा हात मारायला घ्यायचो. मग मागून आवाज यायचा, "पुरे, पेंटर. भिंतीला श्वास घेऊ द्या."

एकदा एका कचेरीत रंग देत होतो. तिथले एक साहेब खुर्चीवरून उठेनात. मी विनवण्या केल्या, ते फाइलीतून डोकं वर काढेनात. शेवटी मी त्यांच्या बाजूने रंग दिला. डोकं, खांदे, खुर्चीची पाठ सोडून. ते घरी गेल्यावर भिंतीवर साहेबांच्या आकाराची जुनी भिंत उरली. कपाटाच्या बाजूने दिलेल्या रंगाची कड सरळ येते. माणसाच्या बाजूने दिलेली तशी येत नाही. माणूस श्वास घेतो, हलतो, आपण ब्रश मागे घेतो. बायको पोट धरून हसली होती. "राहू द्या," ती म्हणाली, "साहेब निवृत्त झाले की त्यांची तसबीर लावायची गरज नाही."

शेवटचे आठवडे ती बोलली नाही. घशात नळी होती. ओठ हलायचे, मला ते वाचता आले नाहीत. ती गेल्यावर मी मुलीला म्हणालो, तुझ्या फोनमध्ये आईचा आवाज असेल तर दे. मुलीने सगळं शोधलं. "बाबा, एकही नाही हो. कॅमेरा दिसला की आई तोंडाला कुलूप लावायची." लग्नाच्या चित्रफितीतही ती होती, पण बँड वाजत होता आणि ती नुसती मान हलवत होती.

हे घर तिने पाहिलं होतं. या गावात आम्ही दवाखाना रंगवायला आलो होतो. दुपारी डबा खायला सावली शोधत या घराच्या पायरीवर बसलो. घराला कुलूप होतं. तिने खिडकीच्या गजांमधून आत बघितलं आणि म्हणाली, "स्वैपाकघराला सायीचा रंग हवा. लोण्याचा नाही, सायीचा."

"कोणाच्या स्वैपाकघराला?"

"आपल्या. म्हातारपणी इथे राहायचं."

शहरातल्या घरात मला राहवेना. तिची चप्पल दाराशी होती, ती उचलवेना आणि बघवेना. मी हे घर भाड्याने घेतलं. मालकाचा माणूस किल्ली देऊन गेला, आत आलासुद्धा नाही. दोन खोल्या, मागे स्वैपाकघर, त्याला एक खिडकी आणि परसाकडे उघडणारं एक दार. खिडकीसमोर एक लांब, मोकळी भिंत. मी सायीचा रंग कालवायला घेणार होतो, पण आधी भिंत खरवडायला हवी होती.

मोकळ्या भिंतीवर, परसदाराच्या चौकटीपासून दीड-दोन हातांवर, जमिनीला लागून, एक जागा रंगाविना होती. मला वाटलं इथे कपाट होतं. मग मी जवळ बसलो.

कड सरळ नव्हती. ती जमिनीपासून वर यायची, बाहेर फुगायची, खांद्यासारखी वळायची आणि वर गोल व्हायची. आत नुसता गिलावा होता, हात फिरवून फिरवून गुळगुळीत व्हावा तसा. गोलाच्या मधे, डोकं टेकतं तिथे, तेलकट काळा डाग. मी बाहेरचा रंग जरा जरा खरवडला. वर पिवळा, त्याखाली हिरवा, त्याखाली चुन्यात कालवलेली नीळ. तिन्ही रंग वेगवेगळ्या काळचे, वेगवेगळ्या हातांचे. तिघांनीही ही जागा सोडली होती. निळ्याची कड सर्वांत आत होती. हिरव्याची तिच्या बाहेर. पिवळ्याची आणखी बाहेर. झाड कापल्यावर खोडात वर्तुळं दिसतात तशा.

रंग उडून अशी कड होत नाही. ब्रशने जपून ओढलेली होती. मधे मधे थरथर होती, हात मागे घेतल्याची.

शेजारी किराणा दुकान आहे. दुकानदाराला गावात वकील म्हणतात, कारण तो मिठाच्या पुडीवरूनही वाद घालतो. मी त्याला विचारलं, माझ्या आधी त्या घरात कोण होतं.

"आधी म्हणजे कितपत आधी?"

"जेवढं माहीत आहे तेवढं."

"मला सगळं माहीत असतं. प्रश्न असा आहे की तुम्हाला किती झेपेल." त्याने तराजू पुसला. "शेवटची नर्सबाई. आपल्या दवाखान्यातली. आता बिचारी पुतण्याकडे असते, तालुक्याला. तिच्याआधी पोस्टमन. त्याच्याआधी नालबंद, घोड्यांना नाल ठोकणारा. तो मी पाहिला नाही, वडिलांनी पाहिला. त्यानंच घर बांधलं."

"त्यांची घरची माणसं?"

"कुठली माणसं? नालबंदाची लेक वारली, मग त्यानं गावाच्या कडेला हे घर बांधलं. पोस्टमनचा थोरला भाऊ गेला, मग तो इथं आला. बाईंची आई गेली, मग बाई आल्या." तो माझ्याकडे बघत राहिला. "तुमच्या मंडळी?"

"गेली."

"हं. मग बरोबर."

"काय बरोबर?"

"त्या घरात जोडपं कधी आलंच नाही. एकटंच माणूस येतं." मग त्यालाच ते जड वाटलं असावं. "अहो, घर लहान आहे, दुसरं काय! साखर देऊ?"

"पोस्टमन कुठे गेला?"

"कुठं जाणार? बसल्या जागी गेला. स्वैपाकघरात, भिंतीला पाठ लावून. टपाल वेळेवर आलं नाही म्हणून आम्ही बघायला गेलो." त्याने साखरेची पुडी बांधली, सुतळीला दोन गाठी जास्त मारल्या.

मी घरी आलो आणि कामाला लागलो. कामात असलं की मला काही वाटत नाही. भेगांमध्ये लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, काचकागद मारला, प्रायमरचा एक हात दिला. मोकळ्या भिंतीला शेवटी हात लावायचा असं ठरवलं. दुपारी खिडकीतून ऊन आत येत होतं. मी परसदाराकडच्या छोट्या भिंतीला सायीचा रंग दिला, दुसरा हात दिला, मागे सरून बघितलं. छान बसला होता. मी पुन्हा ब्रश बुडवला.

"पुरे, पेंटर."

ब्रशातून रंग फरशीवर टपकत राहिला. मी मागे वळून बघितलं नाही. वळलो तर थांबेल असं वाटलं. आवाज खालून आला होता, भिंतीशी बसलेलं माणूस बोलतं तसा. तिचाच होता. "पुरे" म्हणताना तिचा आवाज शेवटी जरा तुटायचा, तसा तुटला. तेवढं माझ्याही लक्षात राहिलं नव्हतं. ऐकल्यावर लक्षात आलं.

"बरं," मी म्हणालो आणि ब्रश खाली ठेवला.

माणसाला भीती वाटायला हवी. मला भूक लागली. ती गेल्यापासून पहिल्यांदा मी पोटभर जेवलो.

त्यानंतर आवाज येऊ लागला. रोज नाही. मी काम करत असलो आणि तिच्याकडे पाठ असली तरच. "पुरे, पेंटर." कधी फुंकर घातल्याचा आवाज, रंगाच्या ठिपक्यावर घालायची तशी. मी मुद्दाम तिसरा हात मारायला घ्यायचो. रंग वाया जात होता, जाऊ दे.

मुलगी रविवारी आली. येताना माझ्यासाठी स्वेटर आणि चार सल्ले घेऊन आली. स्वैपाकघरात शिरल्या शिरल्या म्हणाली, "आईचा रंग!" मग पदरासारखी ओढणी तोंडाला लावून थोडं रडली, थोडं हसली. "बाबा, तुम्ही आणि लांबी-पुट्टी! आता इथे सोन्याची भिंत करणार का?"

मी शेगडीवर चहा ठेवत होतो. तेवढ्यात ती त्या भिंतीशी जाऊन बसली. त्याच जागेवर, पाठ टेकून. मी म्हणालो, "तिथे नको, ओलं आहे."

"कुठे ओलं आहे? रंगच नाही इथे." तिने डोकं मागे टेकवलं आणि डोळे मिटले. "गार वाटतंय. बरं वाटतंय."

चहा झाल्यावर ती उठली. तिला बसमध्ये बसवून मी परत आलो. तेलकट डाग ओला होता. मी बोट लावलं, बोटाला काही लागलं नाही.

आठवडा गेला नसेल, तिचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग ती फोन ठेवेना.

"काय गं?"

"बाबा, विचित्र वाटेल. मला आईचा आवाज आठवत नाहीये. म्हणजे शब्द आठवतात. ती काय म्हणायची ते सगळं आठवतं. पण आवाज येत नाही कानात. परवापर्यंत येत होता हो. मी रोज झोपताना आठवायचे." ती लहानपणी रडायची तशी रडू लागली. "तुम्हाला आठवतो ना?"

"आठवतो," मी म्हणालो. मी स्वैपाकघरात होतो.

तेव्हा मी नर्सबाईंना भेटायचं ठरवलं.

पुतण्याच्या घराच्या मागच्या खोलीत त्या खाटेवर बसल्या होत्या. कंबर मोडल्यापासून चालता येत नव्हतं, पण केस विंचरलेले होते, चादर इस्पितळातल्यासारखी ताठ घातलेली होती. मी कुठून आलो ते सांगितल्यावर त्यांनी पुतण्याच्या बायकोला दार लोटून घ्यायला सांगितलं.

"तुमचं कोण?" त्यांनी विचारलं.

"बायको."

"माझी आई. 'चिमणे, जेवलीस का?' एवढंच म्हणायची. मी ड्युटीवरून आले की. कितीही उशीर होवो." त्या चादरीची न पडलेली सुरकुती सरळ करत राहिल्या. "पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मटकन खाली बसले. बसून पोळी खाल्ली."

"पिवळा रंग तुम्ही दिलात?"

"मी कशाला? रंगारी बोलावला होता. संध्याकाळी येऊन बघते तर भिंतीवर ही एवढी जागा तशीच. मी चिडले. म्हटलं, हे काय? तर मलाच म्हणाला, म्हातारी उठेना बाई. दोनदा सांगितलं, मग बाजूनं दिला." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आईला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मी त्याला विचारलं, कशी होती म्हातारी? तर म्हणाला, तोंड भिंतीकडे होतं."

बाहेर कोणीतरी भांडी घासत होतं. मी पाणी प्यायलो.

"मग तुम्ही घर सोडलंत?"

"नाही. का सोडू? आई होती ना." त्यांनी उशी पाठीशी ओढून घेतली. "नंतर एक दिवस मी भाजी चिरत होते. आईच्या आवाजात हाक आली, 'धाकट्या, सायकल आत घेतलीस का?' आवाज आईचाच. पण मी एकुलती एक. आणि आमच्याकडे कधी सायकल नव्हती."

"पोस्टमन," मी म्हणालो.

"वकिलानं सांगितलं नंतर. त्याचा थोरला भाऊ त्याला धाकट्या म्हणायचा."

"मग काय केलंत?"

"ओ दिली. घेतली म्हटलं आत." त्यांचा चेहरा हलला नाही. "आवाज तिचा होता हो. दुसरं काही म्हणाली असती तरी ओ दिली असती."

मी निघताना त्यांनी माझा हात धरला. नर्सची पकड होती, सुटली नसती. "इथं आणलं मला, आणि आईचा आवाज गेला. डोक्यातून गेला. चेहरासुद्धा पुसट. सगळं तिथं राहिलंय." मग हळूच विचारलं, "येतो का तिथे? चिमणे म्हणून?"

"नाही," मी म्हणालो. ते खरं होतं.

"आली हाक, तर ओ द्या. जेवले म्हणा. ती वाट बघत बसते, स्वतः जेवत नाही."

बस यायला वेळ होता. थांब्यावर बाकावर बसून मी डोळे मिटले आणि "पुरे, पेंटर" आठवायला गेलो. शब्द आले. सपाट, माझ्याच आवाजात. मी दुसरं काही आठवायला गेलो. तिने मुलीला मारलेली हाक. भांडताना चढलेला सूर. माझ्या नावाने ती कधी बोलावत नव्हती, पण आमची ओळख झाली त्या दिवशी तिने ते एकदा उच्चारलं होतं, तेही शोधलं. कुठेच काही नव्हतं. कपाट हलवावं आणि मागेही रंग दिलेला निघावा, तसं.

गावी उतरल्यावर मी मुलीला फोन केला. आता काही दिवस येऊ नकोस म्हणालो. घरात धूळ आहे, तुला त्रास होईल.

"बाबा, तुम्ही ठीक आहात ना?"

"आहे."

"मग आवाज असा का येतोय तुमचा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायीच्या रंगाचा डबा उघडला. ठरवून उघडला. ती जागा भरायची, गिलाव्यावर सरळ, डागासकट. मुलीचं परत मिळेल, बाईंचं मिळेल, असं मला खरंच वाटलं होतं की नाही, सांगता येत नाही. माझं गेलं तरी चालेल असं मात्र ठरवलं होतं.

मी परसदाराच्या चौकटीपासून सुरुवात केली. पिवळा झाकत त्या जागेकडे सरकत गेलो. हात बरा चालत होता. खिडकीतून ऊन भिंतीवर आलं होतं. चौकटीपासून वीतभर पुढे आलो आणि ब्रश थांबला.

ढकलला तरी पुढे जाईना असं नव्हतं. मी ढकललाच नाही. समोर कोणी बसलेलं असलं की हात आपोआप मागे येतो, तसा आला.

पिवळी कड अजून हातभर लांब होती.

"जरा उठतेस?" मी म्हणालो.

कोणी उठलं नाही.

"अगं, जरा उठ. एवढंच राहिलंय."

"पुरे, पेंटर."

शेवटी आवाज जरा तुटला.

मी बाजूने रंग दिला. जपून दिला, ओल्या कडेवर हलका हात ठेवून. वर खांद्याशी वळवला, डोक्याभोवती फिरवला, पलीकडून खाली आणला. दोन हात दिले, तिसरा दिला नाही. सुकल्यावर रंग अगदी सायीसारखा दिसतो.

माझी कड सगळ्यांच्या बाहेर आहे. एका बाजूने ती चौकटीला लागायला वीतभरच उरली आहे.

दुपारी मी ताट घेऊन खिडकीखाली बसलो, भिंतीकडे तोंड करून. पाठ असली तरच ती बोलते, असा माझा समज होता.

"चिमणे, जेवलीस का?"

आवाज बायकोचा होता. फुंकर घालावी इतका मऊ. नळी घालण्याआधीचा.

बाईंना शब्द दिला नव्हता. पण ती वाट बघत होती.

"जेवले," मी म्हणालो.

मी घास उचलला. पलीकडे वकील कोणाशी तरी सुट्ट्या पैशांवरून भांडत होता.

"आणि पेंटर कुठे गेले?" तिने विचारलं.

मी तिच्यासमोरच होतो, हातात घास घेऊन.